बंदीचा आदेश हाती आला की तो वाचायचा कसा

इंदुरात गणपती, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), बोर्डाच्या परीक्षा किंवा निवडणूक जवळ आली की मोबाइलवर एका आदेशाचा फोटो फिरू लागतो. वर कार्यालयाचं नाव, खाली सही-शिक्का, मधे गच्च हिंदी मजकूर. मग रामबागेपासून सुदामानगरापर्यंत मराठी घरांत दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ‘वरून आदेश आहे ना, मग विषय संपला.’ दुसरा म्हणतो, ‘मूलभूत हक्क आहे आपला, अडवणारे हे कोण?’ दोन्ही सूर अर्धवट आहेत. राज्यघटनेनं हक्क दिले तेव्हाच त्यांना आवर कधी घालता येईल हेही लिहून ठेवलं आणि तो घालणाऱ्यानं कारण दाखवलं पाहिजे अशी अटही घातली. ती अट पाळली गेली का, हे वकील नसलेल्या माणसालाही बऱ्याच अंशी तपासता येतं. मंडळाचे कार्यकर्ते, सोसायटीचे सचिव, छोटे दुकानदार आणि मोर्चात जाणारी कॉलेजची मुलं यांच्यासाठी ती तपासणी इथे क्रमानं मांडतो.

पहिली पायरी : नक्की कोणता हक्क अडला आहे?

सगळे हक्क एका मापाचे नाहीत, म्हणून सुरुवात इथून. काही हक्कांना सरकार कोणत्याही कारणानं हात लावू शकत नाही. अस्पृश्यता पाळणं कलम १७ नं बंद केलं, त्याला कोणताही अपवाद ठेवलेला नाही. जे कृत्य केलं त्या दिवशी गुन्हा नव्हतं त्याबद्दल नंतर कायदा करून शिक्षा देता येत नाही, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा होत नाही आणि आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. हे तिन्ही कलम २० मध्ये आहे. कोठडीतली मारहाण कोणत्याही ‘जनहितात’ बसत नाही.

दुसरा गट कलम १९ चा. बोलणं, शांततेनं आणि विनाशस्त्र जमणं, संघटना काढणं, देशभर फिरणं, कुठेही राहणं, धंदा करणं. यांवर ‘वाजवी निर्बंध’ घालता येतात, पण प्रत्येक हक्कासाठी कारणांची यादी वेगळी आहे आणि सगळा खेळ त्या यादीवर चालतो. तिसरा गट धर्माचा. कलम २५ ची सुरुवातच ‘सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन’ अशी होते. चौथा कलम २१ चा, जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा. तो ‘कायद्यानं घालून दिलेल्या पद्धतीनं’च काढून घेता येतो आणि १९७८ च्या मेनका गांधी खटल्यापासून ही पद्धत न्याय्य, उचित आणि वाजवी असावी लागते. खासगीपणाचा हक्क याच कलमात आहे, हे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठानं एकमतानं सांगितलं.

दुसरी पायरी : कागद मागा

हक्क फक्त कायद्याच्या आधारानं अडवता येतो. ‘वरून सांगितलंय’ हा कायदा नव्हे. टीआय साहेबांनी (ठाण्याच्या निरीक्षकांनी) फोनवर दिलेली सूचना हा प्रतिबंधात्मक आदेश नव्हे. तेव्हा आधी आदेशाची प्रत मिळवा. व्हॉट्सअॅपवरचा फोटो बऱ्याचदा जुना किंवा अर्धा कापलेला असतो, त्यावर विसंबू नका. क्रमांक आणि तारीख पाहून पोलीस आयुक्त किंवा कलेक्टर कार्यालयातून खात्री करून घ्या.

एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगतो. रस्त्यावर पोलिसांनी थांबवलं, पांगायला सांगितलं, तर तिथे वाद घालून काही साधत नाही. बेकायदा जमाव पांगवण्याचा अधिकार ठाणेदाराला खरोखरच आहे आणि पोलिसांच्या कायदेशीर सूचना पाळणं नागरिकावर बंधनकारक आहे. त्या क्षणी ऐका, वेळ आणि अधिकाऱ्याचं नाव टिपून घ्या आणि नंतरचं भांडण कागदावर करा.

तिसरी पायरी : आदेश ओळीओळीनं वाचा

आपल्याकडे फिरणारे बहुतेक आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचे असतात. १ जुलै २०२४ पूर्वी हेच कलम १४४ होतं आणि बोलण्यात लोक अजून ‘१४४ लागलीय’ असंच म्हणतात. वाचताना पुढच्या जागांवर बोट ठेवा.

सही कोणाची? हा आदेश जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा सरकारनं खास अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी काढू शकतो. डिसेंबर २०२१ पासून इंदूरमध्ये पोलीस आयुक्त व्यवस्था आली, त्यामुळे शहराच्या हद्दीत असे आदेश पोलीस आयुक्तांच्या कार्यालयातूनही निघतात. नगर निगमचा झोन अधिकारी कलम १६३ चा आदेश काढू शकत नाही.

कारण काय दिलंय? कायदा म्हणतो की आदेश लेखी हवा आणि त्यात प्रकरणातली महत्त्वाची तथ्यं नमूद हवीत. ‘शांतता भंग होण्याची शक्यता आहे’ एवढंच लिहिणं म्हणजे तथ्य नव्हे. कुठे, कशामुळे, कोणत्या माहितीवरून, हे असायला हवं.

मुदत किती? दंडाधिकाऱ्याचा आदेश दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. राज्य सरकार ठरावीक कारणांसाठी तो पुढे जास्तीत जास्त सहा महिने वाढवू शकतं. दोन महिने संपले की तसाच नवा आदेश, ते संपले की आणखी एक, असं चाललं असेल तर १० जानेवारी २०२० चा अनुराधा भसीन निकाल लक्षात ठेवा. असे पुन्हापुन्हा काढलेले आदेश म्हणजे अधिकाराचा गैरवापर, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात म्हटलं आहे. मतभेदाचा आवाज किंवा लोकशाही हक्कांचा वापर दडपायला हे कलम वापरता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे.

शेवटी एक हिंदी शब्द शोधा : ‘एकपक्षीय’. ‘यह आदेश एकपक्षीय रूप से पारित किया जाता है’ अशा धाटणीची ओळ बहुतेक आदेशांच्या अखेरीस असते. लोक ती वाचतही नाहीत. तिचा अर्थ असा की तातडीमुळे तुमचं म्हणणं ऐकून न घेता आदेश काढलाय. म्हणजे तुमचं म्हणणं ऐकणं अजून बाकी आहे. सातव्या पायरीला हीच ओळ कामी येते.

चौथी पायरी : कारण यादीत आहे का?

भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची कारणं कलम १९(२) मध्ये मोजून आठ आहेत : देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. सरकारवरची टीका यात नाही. ‘काही लोकांना आवडणार नाही’ हेही नाही. सभेसाठी यादी आणखी छोटी आहे : सार्वभौमत्व-एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था, बस्स. फिरण्यावर आणि धंद्यावर मात्र ‘सर्वसामान्य जनतेच्या हिता’साठीही निर्बंध येतात, म्हणून दुकानदाराला आदेशाविरुद्ध उभं राहणं वक्त्यापेक्षा अवघड जातं.

‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द आदेशांत सर्रास पेरलेले असतात. दोन शेजाऱ्यांची मारामारी म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्थेचा भंग नव्हे. राम मनोहर लोहियांच्या खटल्यात १९६५ मध्ये न्यायालयानं एकात एक तीन वर्तुळं कल्पिली : सगळ्यात मोठं कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचं. बाहेरच्या वर्तुळातली गोष्ट आतल्या वर्तुळाचं कारण म्हणून चालत नाही.

आणि कोणी ‘सभा झाली तर आम्ही दंगा करू’ अशी धमकी दिली म्हणून सभाच बंद करायची का? १९८९ च्या रंगराजन निकालात न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की मोर्चे किंवा हिंसेच्या धमक्यांपुढे नमून अभिव्यक्ती दाबता येणार नाही. बोलणाऱ्याला संरक्षण देणं हे सरकारचं काम. माझ्या मते आपल्या शहरात सगळ्यात जास्त विसरला जातो तो हाच मुद्दा.

पाचवी पायरी : निर्बंध गरजेपुरताच आहे का?

इथे जरा थांबतो, कारण बहुतेक वाद इथेच सुटतात किंवा अडतात आणि यातले दोन मोठे निकाल आपल्या मध्यप्रदेशातून गेलेले आहेत.

पहिला १९५० चा. सागर जिल्ह्यात विडी वळणं हा मोठा धंदा. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या १९४८ च्या कायद्याखाली ठरावीक गावांत हंगामापुरतं विडी वळायला बंदी घातली गेली. चिंतामण राव नावाचे विडी कारखानदार आणि त्यांच्यासोबत एक कामगार सर्वोच्च न्यायालयात गेले. शेतीला माणसं मिळवणं हा हेतू न्यायालयानं चुकीचा ठरवला नाही. पण बंदी सगळ्यांवर होती. शेतात राबू न शकणारी म्हातारी माणसं, अपंग, घरी बसून चार विड्या वळणाऱ्या बायका, यांचंही काम थांबलं, आणि त्यांना थांबवून शेताला एकही मजूर जास्त मिळणार नव्हता. बंदी रद्द झाली. हेतू चांगला असला तरी जाळं गरजेपेक्षा मोठं टाकलं तर ते टिकत नाही, हे तेव्हापासून आपल्या कायद्यात पक्कं बसलं.

दुसरा २ मे २०१६ चा आणि तो थेट इंदूरचा : मॉडर्न डेंटल कॉलेज विरुद्ध मध्यप्रदेश सरकार. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे प्रवेश आणि फी यांवर राज्यानं २००७ मध्ये कायदा केला. महाविद्यालयांचं म्हणणं, आमच्या धंद्याच्या हक्कावर घाला आला. पाच न्यायाधीशांच्या पीठानं निर्बंध तपासण्यासाठी चार प्रश्न घालून दिले. हेतू योग्य आहे का? योजलेला उपाय त्या हेतूशी खरोखर जोडलेला आहे का? तोच हेतू कमी त्रासाच्या उपायानं साधला असता का? आणि साधणारा फायदा अन् होणारं नुकसान यांचा मेळ बसतो का? या कसोटीवर राज्याचा कायदा टिकला आणि महाविद्यालयं हरली. सागरची बंदी पडली, इंदूरचा निर्बंध उभा राहिला. दोन्ही निकाल एकत्र वाचले की कसोटी कशी चालते ते कळतं.

आता हेच चार प्रश्न घरच्या उदाहरणाला लावून पाहू. १ जानेवारी २०२५ पासून इंदूर जिल्ह्यात भीक देण्यालाही कलम १६३ च्या आदेशानं बंदी आली आणि देणाऱ्यावर गुन्हा नोंदवण्याची तरतूद झाली. हेतू : मुलांना चौकातून बाहेर काढणं, भिकाऱ्यांचं पुनर्वसन. योग्य, यात शंका नको. उपायाचा हेतूशी संबंध : पैसे मिळणं थांबलं तर मुलांना उभं करणारेही थांबतील, असं मानायला जागा आहे. तिसऱ्या प्रश्नावर मात्र मला अडायला होतं. देवळाबाहेर बसलेल्या म्हातारीच्या हातावर दहा रुपये ठेवणाऱ्यावर फौजदारी हाच सगळ्यात सौम्य उपाय होता का? मुलांकडून भीक मागवणाऱ्यांवर कारवाई, निवारे, जनजागृती, हे मार्ग होतेच. शिवाय कलम १६३ हे तातडीच्या धोक्यासाठी, दोन महिन्यांसाठी असतं आणि भीक हा पिढ्यानपिढ्यांचा प्रश्न आहे. राज्यात १९७३ पासून भिक्षावृत्ती निवारणाचा वेगळा कायदाही आहे. आदेशामागची तळमळ मला मान्य आहे, साधन चुकलं असं माझं मत आहे. तुमचं उलट असू शकेल. फक्त ते या चार प्रश्नांतून काढा.

सहावी पायरी : समोरच्याचा हक्क मोजा

मंडळांसाठी ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद आणि दिवसा वाजवायलाही लेखी परवानगी लागते. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांना राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस सरकार जाहीर करतं, मंडळ ठरवत नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचे १०० मीटर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. याशिवाय मध्यप्रदेशाचा १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियम आहेच.

‘हा आमच्या धर्मावर घाला’ असं म्हणण्याआधी २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऐकावा : बोलण्याचा हक्क आहे, तसा न ऐकण्याचाही आहे, आणि कोणालाही जबरदस्तीनं ऐकवता येत नाही. शेजारच्या खोलीत ऑक्सिजनवर पडलेल्या आजोबांची झोप कलम २१ मध्ये बसते. आरतीला ढोल-झांजा लागतात, डीजेची भिंत लागत नाही. हे मी मनापासून सांगतो, कारण या नियमाविरुद्ध लढण्यात घालवलेली ताकद खऱ्या अन्यायाच्या वेळी उरत नाही.

मिरवणूक आणि सभेची परवानगीही याच धर्तीवर बघा. मार्ग, वेळ, रुग्णवाहिकेला वाट, स्वयंसेवकांची यादी मागणं हे नियमन झालं आणि ते रास्त आहे. पण परवानगी देणं-नाकारणं पूर्णपणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं असेल तर ते चालत नाही. अहमदाबादचा तसा नियम १९७२ मध्ये हिंमतलाल शहा खटल्यात रद्द झाला. उलट बाजूनं, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून आंदोलन करता येणार नाही, असं ऑक्टोबर २०२० मध्ये शाहीनबागेच्या प्रकरणात न्यायालयानं सांगितलं आहे.

इंटरनेट बंदी आली तर फार थोडं तपासायचं : आदेश गृहसचिव पातळीवरचा आहे का, तो प्रसिद्ध केलाय का आणि मुदत १५ दिवसांच्या आत आहे का.

सातवी पायरी : दाद मागा

कलम १६३ मध्येच सोय आहे. आदेशानं त्रास झालेला कोणीही तो मागे घ्यावा किंवा बदलावा म्हणून त्याच दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. अर्ज आल्यावर स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणं मांडायची संधी लवकर द्यावी लागते आणि अर्ज फेटाळला तर कारणं लेखी द्यावी लागतात. राज्य सरकारकडेही असा अर्ज जातो. अर्ज हिंदीत, एका पानाचा ठेवा : आदेशाचा क्रमांक आणि तारीख, तुमचं कोणतं काम अडलं, दिलेलं कारण तुम्हाला का लागू होत नाही, कमी त्रासाचा पर्याय कोणता. हा शेवटचा मुद्दा कधीच गाळू नका. ‘बंदी उठवा’पेक्षा ‘पाच ते आठ या वेळेत, अमुक मार्गानं, शंभर स्वयंसेवकांसह परवानगी द्या’ असं लिहिलेला अर्ज अधिकाऱ्याला नाकारणं जड जातं, आणि त्यानं नाकारला तरी पुढे न्यायालयात तुमचीच बाजू बळकट होते. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका.

सोबत दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि आदेशाला आधार असलेले अहवाल मागा. उत्तर ३० दिवसांत. जीव किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत.

आदेश मोडल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली लागतो. साध्या प्रकारात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जिवाला धोका किंवा दंग्याचा संभव असेल तर एक वर्ष किंवा ५,००० किंवा दोन्ही. आदेश माहीत असताना मोडला, हे सिद्ध व्हावं लागतं आणि न्यायालय दखल घेतं ती संबंधित अधिकाऱ्याच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवर.

माणसालाच उचललं तर

इथे वेळ तासांत मोजायची. ‘१५१ मध्ये बसवलं’ असं आपण म्हणतो ते, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच अटक करण्याचं कलम, आता नागरिक सुरक्षा संहितेत १७० आहे. त्याखाली २४ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, दुसरा कायदेशीर आधार असेल तरच. कोणत्याही अटकेत कारण सांगणं, घरच्यांना कळवणं, वकील भेटू देणं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं बंधनकारक आहे. अटकेची कारणं सांगितली नाहीत तर अटकच बेकायदा ठरते, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२५ मध्ये विहान कुमार खटल्यात पुन्हा बजावलं. स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही. अपवाद केलाच तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी, दोन्ही हवं.

रासुका, म्हणजे १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा, याची गोष्ट वेगळी. त्यात खटल्याशिवाय १२ महिन्यांपर्यंत ठेवता येतं आणि २४ तासांचा नियम लागत नाही. पण कारणं साधारणपणे पाच दिवसांत कळवावी लागतात, १२ दिवसांत राज्याची मंजुरी लागते आणि तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं. या तारखा घरच्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. एक जरी चुकली तरी स्थानबद्धता कोसळू शकते. जिलाबदरचा (तडीपारीचा) आदेश राज्य सुरक्षा अधिनियम, १९९० खाली निघतो. त्यात आधी नोटीस आणि उत्तराची संधी असते, ती फुकट घालवू नका.

आणीबाणीबद्दल एवढंच. १९७६ मध्ये जबलपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं सांगितलं की आणीबाणीत मिसाबंदींना (मिसा कायद्याखाली खटल्याशिवाय डांबलेल्यांना) अटकेविरुद्ध दाद मागता येत नाही. विरोधातलं ते एक मत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचं. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांनी तो काळ भोगलाय. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर कलम २० आणि २१ आणीबाणीतही निलंबित होत नाहीत आणि २०१७ मध्ये तो जबलपूरचा निकालही पुसला गेला.

कुठे जायचं

उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ जबलपूरला असलं तरी इंदुरात खंडपीठ आहे. कलम २२६ ची याचिका, बंदी प्रत्यक्षीकरणासकट (डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणा, अशी याचिका), इथेच दाखल होते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधिक सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीतली कोणीही व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे. कोठडीतल्या छळाची किंवा अधिकाऱ्याच्या जुलमाची तक्रार भोपाळच्या राज्य मानव अधिकार आयोगाकडे साध्या कागदावर, विनाशुल्क करता येते, मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत. जाताना आदेशाची प्रत, आवक शिक्क्याचा अर्ज, तारखांची नोंद आणि फोटो एका फाइलमध्ये तारखेच्या क्रमानं लावून न्या. वकील पहिल्या भेटीत तेच मागतो.